खाजन हाताने चालवून पाहा: दालन उभारणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

शाळा, वाचनालये, पंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या, छोटी संग्रहालये अशा ज्यांना एका खोलीत गोव्याच्या खाजनांवर, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनींवर, हात लावून पाहायचे दालन उभारायचे आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरे आहेत. मापे १२० बाय ६० सेंटिमीटरच्या एका मेजाला धरून दिली आहेत. मेज मोठे असेल तर त्याच प्रमाणात वाढवा.

जैवविविधता म्हटले की म्हादई, मोले, नेत्रावळीची जंगले आठवतात. मग खाजनच का?

जंगल खोलीत आणता येत नाही. फार तर त्याची चित्रे लावता येतात. खाजन मात्र मेजावर खरोखर चालते. बांध, मानस (बांधातले पाण्याचे लाकडी दार), पोंय (शेतातला खोल चर) आणि भरती-ओहोटी या चार गोष्टी जमल्या की सगळी व्यवस्था डोळ्यांसमोर उभी राहते. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन असल्याचे सांगितले जाते आणि तिचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. तिथले भात, कोळंबी, मासे, मिठागर आणि बगळे ही सगळी एका लाकडी दारावर अवलंबून आहेत. शाश्वतता म्हणजे काय, हे त्या दाराइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

‘हात लावून पाहायचे’ म्हणजे नेमके काय? बटण दाबले की दिवा लागतो, ते चालेल का?

नाही. पाहणाऱ्याने काहीतरी ठरवावे आणि त्याच्या ठरवण्यामुळे निकाल बदलावा, ही एकच अट आहे. बांध कच्चा घातला तर तो फुटला पाहिजे. ही अट पुरी होत नसेल ते सरळ भिंतीवर लावा, मेजाची जागा अडवू नका.

मेज कसे बांधायचे?

फायबरची किंवा सागरी प्लायवर फायबर चढवलेली २० सेंटिमीटर खोल परात घ्या. लांबीचे तीन भाग करा: ४० सेंटिमीटर नदी, २० सेंटिमीटर बांधाचा पाया आणि ६० सेंटिमीटर शेत. पातळ्या तळापासून मोजायच्या. ओहोटीचे पाणी २ सेंटिमीटर, मानशीचा उंबरठा ३, शेताचा पृष्ठभाग ६, भरतीचे पाणी ११ आणि बांधाचा माथा १४. शेत भरतीच्या पाण्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली आहे, हे मुलांना पट्टीने मोजू द्या. बहुतेकांना ते आधी खरे वाटत नाही.

शेताच्या मातीत मानशीपासून आत जाणारा, तळापासून ३ सेंटिमीटरवर थांबणारा एक खोल चर ठेवा. ती पोंय. शेतातले पाणी तिच्यात उतरते आणि तिथून मानशीकडे जाते. पोंय न ठेवता मेज केले तर पाणी शेतावरच साचून राहते आणि दार उघडूनही निचरा होत नाही.

माती, पाणी आणि परात मिळून भार शंभर किलोच्या घरात जातो. शाळेतले साधे बाक तो पेलत नाही. लोखंडी कोनाची चौकट करा आणि तिला दरवर्षी रंग द्या. खारे पाणी सांडणारच आहे. मेजाची उंची ७० सेंटिमीटर ठेवली तर तिसरीतल्या मुलाचा हात पोचतो. चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तीसाठी एका बाजूला खालची जागा मोकळी सोडा, मेजाखालची पाण्याची टाकी दुसऱ्या बाजूला सरकवा.

भरती कशी आणायची? पंप केवढा लागतो?

नदीच्या भागात पाणी २ वरून ११ सेंटिमीटरवर आणायला साधारण २२ लिटर लागतात. ते अडीच मिनिटांत चढावे, म्हणजे मिनिटाला ९ लिटर. मत्स्यटाकीच्या पंपावर लिहिलेला आकडा शून्य उंचीवरचा असतो. ८० सेंटिमीटर वर पाणी चढवताना छोटा पंप निम्म्यावर येतो, म्हणून तासाला हजार-बाराशे लिटरचा घ्या.

खालची टाकी ६० लिटरची हवी. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. नदीपुरते पाणी ठेवून लोक थांबतात. बांधाला खांड पडली की शेतात आणखी १८ लिटर पाणी जाते, टाकी रिकामी होते आणि पंप कोरडा चालून जळतो.

नदीच्या भिंतीला ११ सेंटिमीटरवर एक सांडनळी आणि १३ वर दुसरी ठेवा. एरवी खालची उघडी असते. ती बुचाने बंद केली की उधाणाची भरती येते. दोन्हींच्या तोंडावर जाळी हवी, नाहीतर पेंढ्याची एक काडी अडकते आणि पाणी जमिनीवर. ओहोटीसाठी तळाशी २५ मिलिमीटरची चावी पुरते.

वीज जाते तेव्हा काय, हा प्रश्न पावसाळ्यात रोजचा आहे. २५ लिटरचा डबा कप्पीवर टांगून नळीने नदीला जोडा. डबा वर ओढला की भरती, खाली सोडला की ओहोटी. शक्य असेल तर पंपाऐवजी हेच कायम ठेवा. मुलाला पाण्याचे वजन हाताला कळते, दुरुस्तीही गावातच होते.

मानशीचे दार नीट बंद होत नाही. काय चुकते?

दार नदीच्या बाजूने, वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेले असले पाहिजे. भरतीचे पाणी त्याला बाहेरून दाबते आणि ते चौकटीवर घट्ट बसते. ओहोटीत नदी खाली उतरली की आतले पाणी उंच ठरते, ते दाराला ढकलून बाहेर पडते. कोणी हात लावायची गरज नसते. दार शेताच्या बाजूने लावलेले असेल तर सगळे उलटे होते. नकाशा पाहून काम करणारे सुतारही हे उलटे करतात, म्हणून टांगण्यापूर्वी त्यांना भरतीची दिशा बाणाने दाखवा.

भोक ६ सेंटिमीटर रुंद आणि ५ उंच पुरते. नुसत्या हलक्या लाकडाचे दार पाण्यावर तरंगते आणि अर्धवट उघडे राहते. खालच्या कडेला पितळेची पट्टी ठोका. चौकट सरळ उभी न ठेवता तिचा पाय थोडा नदीकडे सरकवा, म्हणजे दार स्वतःच्या वजनाने टेकते. लोखंडी बिजागरी महिन्याभरात गंजून अडकते. सायकलच्या ट्यूबची पट्टी बिजागरी म्हणूनही चालते आणि चौकटीला चिकटवली की गळतीही थांबवते. तरीही गळत असेल तर उंबरठ्यावर वाळूचा कण बसलेला असतो. तो बोटाने काढा.

थोडी गळती राहिली तर राहू द्या. खऱ्या मानशीही गळतात, आणि ती गळती पोंय सामावून घेते हे त्यातून दिसते.

बांध कशाचा करायचा आणि तो दरवेळी कोण घालणार?

पाहायला येणारेच. कुंभाराची चिकण माती, हातभर लांबीच्या ऐवजी ३ सेंटिमीटरचे तुकडे केलेला भाताचा पेंढा आणि नदीच्या बाजूला बसवायला जांभ्याचे खडे द्या. मानशीची चौकट आणि तिच्या दोन्ही बाजूंचा १० सेंटिमीटर बांध पक्का ठेवा. उरलेला भाग गटाने घालायचा. त्यासाठी सात-आठ मिनिटे द्या.

बांध तीन कारणांनी फुटतो आणि तिन्ही दिसली पाहिजेत. माती थरांनी चेपली नाही तर पाणी मधून झिरपते. खडे लावले नाहीत तर लाटेने पायथा खातो. लाट काढायला एक फळी द्या आणि ती नदीत पुढेमागे हलवू द्या. मांडवी-जुवारीवर खनिजाच्या बार्जेसच्या लाटांनी बांध झिजतात, ही तक्रार शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे केली आहे, तीच इथे हाताने करून पाहता येते. तिसरे कारण खेकड्याचे बीळ. एक पेन्सिल ठेवा आणि गटातल्या एकाला गुपचूप बांधात आरपार भोक पाडायला सांगा. भोक सुरुवातीला थेंबभर गळते, मग कडांची माती वाहून रुंद होत जाते आणि भरती पूर्ण होण्याआधीच खांड पडते. दुरुस्ती पहिल्या मिनिटात चिमूटभर मातीने होते. चौथ्या मिनिटात दोन्ही हातांनी होत नाही. या दालनात पाहण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, तिला वेळ द्या.

खऱ्या खाजनातला चिखल मेजावर आणू नका. बंद खोलीत त्याला कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि तो उपसायला मालकांची परवानगीही लागते.

पाण्यात खरेच मीठ घालायचे का? पंप गंजेल ना?

घालायचे, पण समुद्राइतके नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मेजावर लिटरला ५ ग्रॅम पुरे, म्हणजे ६० लिटरच्या टाकीला ३०० ग्रॅम जाडे मीठ. कारणे दोन. पाण्यातले क्षार मोजायचे जे स्वस्त टीडीएस पेन मिळते, ते साधारण दहा हजारांपर्यंतच (म्हणजे लिटरला १० ग्रॅम) वाचते. त्याहून खारट पाण्यात ते निरुपयोगी. दुसरे कारण मातीचे आहे. गोड्या पाण्यात चिकण मातीचे कण तासन्‌तास तरंगतात आणि पाणी गढूळ राहते. थोडे मीठ असले की कण एकमेकांना चिकटून खाली बसतात आणि पाणी निवळते. मीठ नको म्हणून गोडे पाणी वापरणाऱ्यांचे मेज दुसऱ्या दिवसापासून चहाच्या रंगाचे होते.

पोंयीतले पाणी खांड पडण्यापूर्वी आणि नंतर मोजायला लावा. मग झारीने तीनदा पाच-पाच लिटर पाऊस पाडा आणि दरवेळी ओहोटीला दार उघडू द्या. आकडा पायरीपायरीने उतरतो. दार बंद ठेवून तोच पाऊस पाडला तर खारे पाणी आतच राहते. पावसाळ्यात लावणीपूर्वी शेत असेच धुतले जाते. हे धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत घ्या, टाकीत सोडू नका, नाहीतर टाकीतले मीठ पातळ होत जाते. रोज सकाळी टाकीचा आकडा पाहा, ४००० च्या खाली गेला तर मीठ घाला.

पंप दर आठवड्याला गोड्या पाण्यात दहा मिनिटे चालवला तर टिकतो.

कोरगुट भात दालनात वाढवता येईल का?

येईल, आणि जरूर वाढवा. कोरगुट खारेपण आणि साचलेले पाणी सोसणारा गोव्याचा जुना वाण आहे, उंच वाढणारा आणि कुसळांचा. शेजारी ज्योतीसारखा नेहमीचा वाण लावला की फरक दिसतो.

प्रत्येक वाणाचे चार ट्रे करा: लिटरला ०, ३, ६ आणि ९ ग्रॅम मीठ. प्रत्येकात २० दाणे. बी २४ तास गोड्या पाण्यात भिजवून मोड आल्यावर लावा. पहिला आठवडा ठरलेल्या मिठाच्या निम्मेच द्या, दुसऱ्यापासून पूर्ण. तीन आठवडे पाहा.

दोन चुका हमखास होतात. पहिली, मोड आले की निष्कर्ष काढणे. उगवताना भात बऱ्यापैकी खारेपण सोसते. ते खरे नाजूक असते कोवळ्या रोपात आणि पुढे फुलोऱ्यात. उगवणीच्या आकड्यावरून दोन्ही वाण सारखेच वाटतात, आणि मग पंधराव्या दिवशी एका ट्रेमधली पाने टोकाकडून वाळायला लागतात. दुसरी चूक मिठाचे पाणी पुन्हापुन्हा घालणे. ट्रेमधून उडते ते नुसते पाणी, मीठ मागेच राहते. पाण्याची रेघ पेनाने मारून ठेवा आणि रोज गोड्या पाण्यानेच त्या रेघेपर्यंत भरा. हे न पाळल्यास ३ ग्रॅमचा ट्रे आठवड्यात ६ चा होतो आणि प्रयोग वाया जातो.

शाश्वतता शिकवायला खेळ आहे का?

पावणीचा खेळ आहे. मानशीत जाळे लावून मासे धरायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जातो. भरतीला दार उघडे धरले की आत पाण्याबरोबर जास्त मासळी येते, आणि खारे पाणीही शेतात शिरते. खाजनातला जुना संघर्ष तो हाच.

चार खेळाडू: शेतकरी, पावणी घेणारा, मिठागरवाला आणि गांवकार (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गांवकरी संस्थेचा माणूस). आठ फेऱ्या. आकडे खेळापुरते आहेत, शेतीचा हिशोब म्हणून कोणाला सांगू नका. प्रत्येक फेरीत पावणीवाला ठरवतो: दार आपोआप चालू दिले तर त्याला एक मासा, धरून ठेवले तर तीन. धरून ठेवले की खारेपणाचा खुंट एक घर पुढे जातो. शेतकऱ्याला फेरीला दोन गोट्या भात, मिठागरवाल्याला एक गोटी मीठ मिळते. खुंट तिसऱ्या घरात पोचला की भात शून्य, आणि दार न धरलेल्या प्रत्येक फेरीत तो फक्त एकच घर मागे येतो. प्रत्येकाने फेरीला एक गोटी बांधाच्या डब्यात टाकायची. फेरीत तीनपेक्षा कमी जमल्या तर फासा टाकायचा. १ किंवा २ पडला तर खांड आणि त्या फेरीत कोणालाच काही नाही.

पहिल्या डावात गांवकाराला काहीही अधिकार देऊ नका. दुसऱ्या डावात त्याला पावणीपूर्वी दोन अटी लिहू द्या. मुले कोणत्या अटी लिहितात ते टिपून ठेवा: काही जण दंड ठेवतात, काही पहारा, काही माशांतला वाटा शेतकऱ्याला देतात. चालवणाऱ्याने मध्ये उपदेश करू नये.

मोठ्या वर्गांसाठी पुढचा प्रश्न: गांवकरीकडचे काम पुढे कोणाकडे गेले? १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनंतर कसणारे मालक झाले आणि बांधांची जबाबदारी कूळ संघटनांवर आली. जमिनीचा हक्क मिळणे न्याय्यच होते, पण सामाईक बांधाची निगा प्रत्येक ठिकाणी तितक्याच ताकदीने उभी राहिली नाही. हे दोन्ही सांगायला हवे.

शेतात खारफुटी वाढली तर चांगलेच ना?

कुठे वाढली त्यावर आहे. बांधाच्या बाहेर, नदीच्या काठाला ती लाट मोडते आणि माती धरते. बांधाच्या आत, शेतात ती दिसू लागली तर बांध फुटून बराच काळ कोणी बुजवलेला नाही, असे समजावे. मग झाडे कायद्याने संरक्षित असल्यामुळे तोडता येत नाहीत आणि शेत परत मिळवणे अवघड होते. दालनात ‘खारफुटी चांगली’ एवढाच फलक लावला तर खाजनातला शेतकरी तो वाचून परत फिरेल, आणि त्याचे बरोबर असेल.

श्वासमुळे दाखवायला जिवंत रोपे लागत नाहीत. स्पंजच्या दोन चौकोनांवर ओली चिकण माती लिंपा, एकात वर निघणाऱ्या बारीक नळ्या खोवा, दोन्ही पाण्यात बुडवा आणि नळ्यांच्या टोकांतून हवा फुंका. बुडबुडे कुठून निघतात ते मुले लगेच सांगतात. रोपे किंवा शेंगा हव्याच असतील तर वन खात्याला विचारून, त्यांच्या रोपवाटिकेतून घ्या.

स्पर्शपेटीत काय ठेवावे, काय नाही?

माटाची, म्हणजे ऐनाची भेगाळलेली साल, जांभ्याचा तुकडा, कोरगुटची कुसळी लोंबी, कोकमाच्या बिया, सोललेली सुपारी, त्रिफळ, जायफळ, मिठागराचे जाडे मीठ. वासाच्या डब्यांत त्रिफळ सगळ्यांना आवडते. मात्र ते तीन महिन्यांनी बदला.

हुऱ्याची, म्हणजे गेव्याची फांदी ठेवू नका. त्याचा चीक डोळ्यांना घातक आहे. कासवाची पाठ, खवल्या मांजराचे खवले, धनेशाची चोच, समुद्रघोडा, प्रवाळ कोणी ‘घरात जुने पडले होते’ म्हणून आणून दिले तरी ठेवून घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते बाळगणेच गुन्हा ठरू शकते. देणाऱ्याला वन खात्याकडे पाठवा. शंख-शिंपल्यांतही काही जाती संरक्षित आहेत. जुन्या खिडकीतले शिंप तावदान दाखवायचे असेल तर आधी वन खात्याला विचारा, तोवर मोठा फोटो लावा.

जिवंत मासे, खेकडे ठेवावेत का?

नाही. पातळी दिवसातून दहा वेळा बदलणारे पाणी आणि शंभर हात, यात ते जगत नाहीत.

पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते. उपाय?

जूनपूर्वी बिया आणि लोंब्या कडक उन्हात वाळवा, घट्ट पिशवीत बंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर गार बियांवर हवेतली वाफ बसते आणि तीच बुरशीला पुरते. झाकणाच्या बरण्यांत सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. मेजातले पाणी दर शुक्रवारी पूर्ण काढा. आठवड्याहून जास्त साचले की त्यातल्या अळ्यांचे डास होतात, आणि आरोग्य खात्याचा माणूस आला तर दंडाची वेळ येते.

फलक कोणत्या भाषेत? फ्लेक्स चालेल?

मराठी आणि कोंकणी दोन्ही, आणि जिथे गरज असेल तिथे रोमी लिपी व इंग्रजी. झाडामाशांची नावे मात्र पुस्तकातून उतरवू नका. तुमच्या पंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जी आहेत ती वापरा, वेगळी असतील तर दोन्ही लिहा. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. फ्लेक्स टाळा: तो दोन वर्षांत कचऱ्यात जातो आणि दालनाचा विषयच खोडतो. पांढरे रंगवलेले प्लाय आणि हाताने लिहिलेली अक्षरे टिकतात, बदलताही येतात.

एका वेळी किती जण, आणि किती वेळ?

मेजाभोवती आठ. बांध, भरती, खांड, दुरुस्ती, मोजणी धरून २५ मिनिटे. मोठा वर्ग असेल तर एक गट मेजावर, एक पावणीच्या खेळावर, एक भाताच्या ट्रेंपाशी.

नंतर खरे खाजन दाखवायला कुठे आणि कधी न्यावे?

चोडण, दिवाडी, जुवें, आगशी इथे बांधावरून चालता येते. रायबंदरहून फेरीने चोडणला उतरले की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. ते १.७८ चौरस किलोमीटरचे आहे आणि खारफुटीची मुळे जवळून पाहायला उत्तम. वेळ ठरवताना घड्याळाआधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, म्हणून वेळ रोज पुढे सरकते. मानशीपाशी ओहोटी लागण्याच्या सुमारास पोचा आणि नदीचे पाणी आतल्यापेक्षा खाली उतरेपर्यंत थांबा. दार बंद दिसते, मग कडेने पाण्याची रेघ सुटते आणि हळूहळू ते उघडते. बांधावर जाण्यापूर्वी तिथल्या शेतकऱ्यांना आणि पावणीवाल्याला विचारा, मुलांना एका रांगेत चालवा आणि बांधाच्या कडेवर पाय देऊ देऊ नका. ऑगस्टमध्ये गेलात तर शेत हिरवे दिसते, एप्रिलमध्ये मिठागरे चालू असतात.